मंदामावशीचं जावा माझ्यामुळे राहिलं

मंदामावशी माझी सख्खी मावशी नाही. बडोद्यात, सुभानपुऱ्यात आमच्या समोरच्या टेनामेंटमध्ये राहते, आई तिला मंदाताई म्हणते म्हणून माझी मावशी. मंदाकिनी चिटणीस. लग्न केलेलं नाही. आजोबा गायकवाडी राज्यात दफ्तरदार होते, वडील कारकून, आणि ही स्वतः एका सरकारी ऑफिसात चौतीस वर्षं आवक-जावक सांभाळून रिटायर झाली. घरात ती आणि तिचे मोठे भाऊ विश्वासराव, दोघंच. भाऊंना लकवा झाल्यापासून ते पलंगावर आहेत. त्यांची अंघोळ, जेवण, औषधं, कूस बदलणं सगळं हीच करते. बोलणं पण गेलंय त्यांचं, दोन शब्द येतात फक्त. ‘मंदा’ आणि ‘नाही’.

आमच्या सोसायटीतली सगळी पोरं मंदामावशीच्या ओटल्यावर मोठी झाली. दर शनिवारी संध्याकाळी ती महाभारत सांगायची. पटेलांची पोरं, आमची मराठी पोरं, एक सिंधी होता, सगळे. मराठीत सुरू करायची, पोरांना कळत नाहीये दिसलं की गुजरातीत घुसायची. तिचा भीम ‘ए दुर्योधनिया, हवे तारो वारो!’, म्हणजे आता तुझी पाळी, म्हणून ओरडायचा आणि आम्ही किंचाळायचो. भीम तिचा लाडका. अर्जुनाबद्दल म्हणायची, ‘हुशार आहे, पण घरात काही काम करत नाही.’

आता खरी गोष्ट सांगतो. दोन वर्षांपूर्वीची, २००५ ची. मी तेव्हा एफ.वाय.ला होतो.

युनिव्हर्सिटीत एकदा बाहुल्यांचं प्रदर्शन भरलं होतं, तिथे मावशीने इंडोनेशियातल्या जावा बेटावरची एक चामड्याची सपाट बाहुली पाहिली होती. काळं अंग, चिडका चेहरा, अंगठ्याला हे एवढं लांब वाकडं नख. खाली लिहिलेलं, बिमा. म्हणजे आपला भीम! तिकडे पडद्यामागे दिवा लावून सावल्यांनी महाभारत सांगतात. अख्खं गाव मुसलमान, आणि महाभारत ऐकायला बसतं. तेव्हापासून तिने डोक्यात घेतलं होतं. ‘मी तीस वर्षं जी गोष्ट सांगतेय ना, ती दुसरं कोणी कसं सांगतं हे मला एकदा समोर बसून ऐकायचंय. हॉटेलातला टुरिस्टांचा तमाशा नको. गावात. आणि त्या नखाचं काय ते विचारायचंय.’

एवढीच इच्छा. आयुष्यात पहिल्यांदा तिने स्वतःसाठी काहीतरी मागितलं असेल.

आणि त्या वर्षी जमत पण होतं. तिची भाची स्नेहलता इंदूरहून येऊन बारा दिवस भाऊंकडे बघणार होती. ती नर्स आहे, आणि भाऊ तिच्याशिवाय आणि मावशीशिवाय कुणाला अंगाला हात लावू देत नाहीत. पण डिसेंबरात ती मस्कतला नोकरीला जाणार होती, पाच वर्षांसाठी. म्हणजे याच वर्षी, नाहीतर नाहीच. बारा दिवस पडत होते ते पितृपक्षात. माझी आई म्हणाली, ‘मंदाताई, पितृपक्षात परदेशी?’

‘अगं, पितरांनाही जरा फिरवून आणते. बडोद्याबाहेर कुठे गेलेत ते?’

इंटरनेटवर शोधायचं काम माझं. मीच एका वेबसाइटवर सुवर्णो नावाचा माणूस शोधून काढला. जावातल्या सोलो शहराजवळच्या एका गावात शाळामास्तर, सुट्टीत लोकांना गावं फिरवतो, वायांग दाखवतो. वायांग म्हणजे तोच सावल्यांचा खेळ. त्याचं पहिलं मेल आलं तेव्हा मावशीने प्रिंटआउट चार वेळा वाचला. त्यात लिहिलेलं की आमच्याकडे द्रौपदीला एकच नवरा, युधिष्ठिर. मावशी खुर्चीतून उठलीच. ‘भाऊ, ऐकलंत का? द्रौपदीला एकच!’ भाऊ म्हणाले, ‘नाही.’ ‘तेच म्हणतेय मी! मग भीमाने कुणासाठी एवढं केलं? हे विचारलंच पाहिजे.’

मग सुरू झाला पत्रव्यवहार, आणि तो तिच्या ऑफिसच्या पद्धतीने. मी निझामपुऱ्याच्या सायबर कॅफेतून मेलचा प्रिंट आणायचा. ती वाचणार. मग पेन्सिलीने कच्चा मसुदा, डावीकडे दोन इंच समास सोडून. तो मसुदा रात्रभर तसाच ठेवायचा. सकाळी परत वाचायचा, खोडायचं, मग पक्की प्रत. ती मी टाइप करायची, एक शब्द न बदलता. एका मेलच्या उत्तराला तीन-चार दिवस! मला वेड लागायचं. मी म्हणायचो, ‘मावशी, हे ई-मेल आहे, दोन मिनिटांत होतं.’

‘दोन मिनिटांत झालेलं पत्र मी चौतीस वर्षांत एक पण जावक केलेलं नाही.’

तरी हळूहळू सगळं ठरलं. त्यांच्या गावात पीक निघालं की गावाच्या नावाने पूजेसारखं असतं, त्या दिवशी वायांग होतो, तिकीट वगैरे काही नाही, गावचाच कार्यक्रम. सुवर्णो तिला तिथे नेणार, शेजारी बसून सगळं इंग्रजीत सांगणार, दुसऱ्या दिवशी बाहुल्या चालवणाऱ्या म्हाताऱ्या बुवांशी भेट घडवणार. तो तिला ‘इबु मंदा’ म्हणायला लागला होता. इबु म्हणजे आई, बाई, दोन्ही. मावशीने अहमदाबादला जाऊन पासपोर्ट काढला. तिकीट तेवढं बाकी होतं.

त्यातच ऑगस्टच्या सुरुवातीला सोसायटीत कुणाच्या तरी सत्यनारायणाला मागच्या गल्लीतल्या एक काकू माझ्यासमोर बोलल्या, ‘नवरा नाही, मूल नाही, आणि चालली फॉरेनला. हौस बघा.’ मी प्रसादाची वाटी तिथेच ठेवली आणि निघून आलो. डोकं सणकलं होतं.

आणि दोनच दिवसांनी कॅफेत बसलो होतो, सुवर्णोचं मेल आलं. अगदी छोटं. इबुचं लग्न झालंय का? नसेल तर का नाही? मुलं किती? वय काय? घरी कोणाबरोबर राहतात? कृपया लवकर कळवा.

मला काय झालं माहीत नाही. म्हणजे माहीत आहे. मला वाटलं, हा पण! हजारो मैलांवरून हा पण तेच विचारतोय! मी प्रिंट काढलाच नाही. तिथल्या तिथे रिप्लाय दाबला आणि मावशीच्या नावाने लिहून टाकलं की माझं लग्न झालं की नाही याच्याशी तुमचा काही संबंध नाही, तुम्ही गाइड आहात, गाइडसारखं वागा, मी दुसरा माणूस बघते. सेंड. दोन मिनिटं पण नाही लागली. कॅफेवाला चिरागभाई म्हणाला, ‘शुं थयुं, बॉस? कीबोर्ड तोडवो छे?’ मी वर हसलो. मला भारी वाटत होतं, खोटं कशाला बोलू. मावशीसाठी कोणीतरी भांडलं असं वाटत होतं. मला वाटलं, येईल साहेबाचं सॉरी.

सॉरी आलं नाही. काहीच आलं नाही.

‘आलं का रे?’ मावशी रोज विचारायची. भाऊंना भरवता भरवता, चमचा हातात.

‘नाही अजून.’

‘आजारी असेल. शाळामास्तरांना या दिवसांत परीक्षा असतील.’ त्याची बाजू पण तीच घ्यायची. पाचव्या दिवशी तिने त्याच्या तब्येतीची चौकशी करणारं पत्र लिहून ठेवलं. पेन्सिलीने. मी ते घेतलं, टाइप केलं नाही. काय तोंडाने करणार? दहाव्या दिवशी मला झोप येईना, मग मी माझ्या नावाने मेल केलं, ते उत्तर इबुचं नव्हतं, मी मूर्ख आहे, माफ करा.

त्याला मात्र दुसऱ्याच दिवशी उत्तर आलं. ते मी कॅफेतच वाचलं आणि तिथेच रडलो.

त्याने लिहिलं होतं की ते प्रश्न त्याच्या आईचे होते. इबु गावात तिच्याच खोलीत झोपणार होत्या. त्या दिवशी गावातल्या वडीलधाऱ्या बायका पडद्याच्या आतल्या बाजूला बसतात, बुवांच्या मागे, जिथून बाहुल्यांचे रंगसुद्धा दिसतात. तिथे पाहुणीला बसवायचं तर सगळ्या विचारणार, ही कोण, कुणाची, म्हणून आईला आधी माहिती हवी होती. इबुचा राग वाचून आईला फार वाईट वाटलं. त्याने गावच्या मुख्याला सांगून टाकलं की पाहुणी येत नाही. आणि त्या आठवड्यासाठी त्याने एका डच ग्रुपला शब्द दिला होता. आता तो मोडता येत नाही. पुढच्या वर्षी इबुंनी नक्की यावं.

हा प्रिंट मी काढला. मावशीच्या हातात दिला आणि उभा राहिलो.

तिने चष्मा लावून सगळं वाचलं. ‘कसला राग? मी कुठे काय पाठवलं?’

मी सांगितलं.

‘काय लिहिलंस ते म्हणून दाखव.’

मी म्हणून दाखवलं. प्रत्येक शब्द पाठ होता.

‘इंग्रजी बरं आहे तुझं,’ मावशी म्हणाली.

‘मावशी, मला तुझ्यासाठी राग आला गं. ते असं विचारत होते...’

‘काय वाईट विचारलं? अरे गाढवा, समोर नवीन भाडेकरू आले की मी काय विचारते? आडनाव काय, कुठले, घरात कोण कोण, मुलीचं जमलं का. तुझ्या आईने स्नेहलताला पहिल्याच दिवशी पगार विचारला होता!’ मग तिचा आवाज खाली आला. ‘चाळीस वर्षं लोक मला हेच विचारतायत, इंद्रनील. मला उत्तर येतं त्याचं. तोंडपाठ आहे. तू फक्त मला विचारायचं होतंस.’

ती मला कायम नील म्हणते. त्या दिवशी इंद्रनील म्हणाली.

मी म्हटलं दुसरा गाइड शोधतो, एजंटाकडे जातो, काहीही करतो. सयाजीगंजच्या एका एजंटाकडे गेलो पण. त्याच्याकडे बाली होतं, सहा रात्री, इंडियन जेवणासकट. मावशी म्हणाली, ‘इंडियन जेवण मी घरी करते.’

मग तिने सुवर्णोच्या आईला पत्र लिहिलं. त्यात तिच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं होती. वय एकोणसाठ. लग्न नाही केलं, कारण वडील लवकर गेले, धाकट्या बहिणींची लग्नं करता करता आपलं राहिलं, आणि नंतर आलेलं एक स्थळ चांगलं होतं पण त्यासाठी बडोदे सोडावं लागलं असतं. मुलं नाहीत, पण शनिवारी वीस-पंचवीस असतात. घरी आजारी भाऊ. लग्न का राहिलं, यातलं मला काहीच माहीत नव्हतं. एकोणीस वर्षं समोर राहून मी तिला एकदा पण विचारलं नव्हतं. मी एक एक अक्षर दाबत ते टाइप केलं.

पितृपक्षात स्नेहलता आलीच, सुट्टी आधीच घेतली होती म्हणून. बारा दिवस मावशी घरातच होती. दोघी मिळून भाऊंचं करत होत्या. डिसेंबरात ती मस्कतला गेली.

मागच्या वर्षी सुवर्णोचं परत बोलावणं आलं. मी मावशीला म्हटलं, बारा दिवस मी बघतो भाऊंना, मला सगळं शिकव. ती म्हणाली, एक दिवस करून बघ. मी सकाळी सातला गेलो. पाणी गरम केलं, टॉवेल भिजवला, बनियन काढायला हात पुढे केला आणि भाऊंनी तोंड भिंतीकडे केलं. ‘नाही.’ मी म्हटलं, ‘भाऊ, मी नील आहे, लहानपणापासून ओळखता की मला.’ ‘नाही.’ मग त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, माणसाला किती लाज वाटते हे मला तेव्हा कळलं. मावशीने येऊन माझ्या हातातून टॉवेल घेतला. भाऊ म्हणाले, ‘मंदा.’

मी बाहेर ओटल्यावर जाऊन बसलो. अर्ध्या तासाने ती पदराला हात पुसत आली.

‘नाही चालणार त्यांना. आणि जबरदस्ती करून मला जायचं नाही.’

‘मग?’

‘मग काय, सुवर्णोला कळवायचं. इबुला जमत नाही.’

मी विचारलं, ‘मावशी, राग गेला का माझ्यावरचा?’ खरं म्हणजे मला वाटत होतं ती म्हणेल, वेडा आहेस का, केव्हाच गेला.

ती माझ्या शेजारी ओटल्यावर टेकली.

‘नाही गेला,’ म्हणाली. ‘रोज नसतो. पण आहे.’

मग आत गेली. भाऊंना औषध द्यायची वेळ झाली होती.