शिशाचे गोळे आणि केळ्याचे चिप्स

पन्नाशीत माणसाने गुडघ्यांना तेल लावावं, पाठीला हवेची टाकी लावू नये, असं आमच्या राजपुऱ्यातल्या गल्लीचं एकमत होतं. मी पॉवरलूमवाला, पोहणं शिकलो ते तापीच्या घाटावर. लेक मात्र गोव्यात लोकांना पाण्याखाली न्यायचं काम करते, आणि दर सुट्टीत मलाही थोडं थोडं शिकवत आली. या हिवाळ्यात मी म्हणालो, "आता समुद्रात ने."

"पहले परीक्षा, पप्पा."

डोईफोडिया गावाच्या पुढे एका तलावात मासेमारीची जुनी मोठी नाव बुडालेली आहे. पाणी उथळ, जेमतेम दोन पुरुष. त्या नावेत ती डबा लपवणार, मी शोधायचा. तिच्या मंडळींचा हा खेळच आहे: डबा लपवून जागेचा पत्ता फोनवर टाकायचा, ज्याला सापडेल त्याने आतली एक वस्तू घ्यायची, आपली एक ठेवायची आणि डबा परत तिथेच. टाकीतली हवा अर्धी व्हायच्या आत मला सापडला तर समुद्र, नाहीतर पुढच्या वर्षी बघू. पुढच्या वर्षी गुडघे काय म्हणतील, कुणास ठाऊक.

लेक सकाळीच पुढे गेली. मी चहा घेत होतो, तेव्हा बायको म्हणाली, "अहो, तुमच्या पोरीने माझ्या कड्या लावायच्या हवाबंद डब्यात शिशाचे गोळे भरले होते! लोकांच्या हातात जाणारा डबा, त्यात शिसं? मी काढले सगळे. डबा पुसला आणि केळ्याचे चिप्स भरून दिले."

आमच्या घरातून डबा कधी रिकामा जात नाही. मी "बरं केलंस" म्हणालो आणि चहा संपवला. विज्ञान मला शाळेतही उशिराच सुचायचं.

गल्लीच्या तोंडाशी शेजारी भेटलाच. "भाऊ, तापी कमी पडली का डुबायला?"

तलावात उतरल्यावर मात्र सगळं शांत. हिरवट ऊन, माझाच श्वास, आणि बाजूला हाताची घडी घालून तरंगणारी लेक, परीक्षा हॉलमधल्या मास्तरीणबाईंसारखी. नाव एका कुशीवर न कलंडता सरळ बसलेली, पुढच्या अर्ध्या भागावर फळ्यांचं छत. मी आत शिरून तळ चाचपला. गाळ, शिंपले, कुणाची तरी चप्पल. कोपरे पुन्हा चाचपले. गाळ इतका उठला की स्वतःचा हात दिसेना. टाकीच्या हवेचा काटा अर्ध्याकडे सरकत होता. लेकीकडे पाहिलं, तिने खांदे उडवले.

मी थांबलो. गाळ खाली बसेपर्यंत दुसरं करण्यासारखं काही नव्हतं, म्हणून घरचा विचार आला. शिशाचे गोळे मसाल्यांच्या मांडणीवर असतील, बायको पूजेला बसली असेल, आणि डब्यात चिप्स...

चिप्स! हवाबंद डबा, आत चिप्स. तो तळाला बसेलच कसा?

मी मान वर केली. छताच्या फळीला डबा चिकटून बसला होता.

काठावर आल्यावर लेकीने मास्क काढला. "खाली ठेवायला गेले, तर राहीचना! मग दिला वर सोडून. म्हटलं, आता पप्पांना काही सापडत नाही. तुम्ही वर कसं बघितलं?"

"तुझ्या आईशी संसार केलाय मी."

ती हसत सुटली. मग चिप्स खाता खाता म्हणाली, "मार्चमध्ये लूम कुणाकडे तरी सोपवा. आठ दिवस."

मी खिशातून आणलेली, लूमवर सूत गुंडाळायची झिजलेली कांडी डब्यात ठेवली, लेकीने वर काठावरचे दगड भरले, आणि या वेळी डबा शहाण्यासारखा तळाला जाऊन बसला.

घरी दारातच सांगितलं, "समुद्र पक्का!"

बायकोने माझे दोन्ही रिकामे हात पाहिले. "ते असू द्या. माझा डबा कुठाय?"