टाचणी, अंगठा आणि उदगीरचा दवाखाना

माझी धाकटी बहीण उदगीरला डोळ्यांची डॉक्टर आहे. तिच्या दवाखान्यातल्या भिंतीवर मी काढलेला फोटो लावायचा, हा हट्ट माझाच. मुदखेडच्या फुलशेतीत टिपलेली त्यातली टाचणी, म्हणजे एक नाजूक उडता किडा, जराशी हलली होती. मी सगळ्यांना सांगायचो, मुद्दाम तशी ठेवलीय. गेल्या आठवड्यात बहिणीचा फोन आला.

"दादा, तो फोटो काढून टाकते बाबा. मोतीबिंदूचे एक आजोबा पट्टी सोडल्यावर रडायलाच लागले. म्हणे, डॉक्टरीणबाई, ते चित्र अजून पुसटच दिसायलंय."

मी लातूरच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. दरवर्षी भिंगांचा धडा घेतो. मेल्याहून मेल्यासारखं झालं. रविवारी नवा आणतो म्हणालो. "नाही आणलास तर तिथे कॅलेंडर लागेल," ती म्हणाली.

शनिवारी सकाळी सहाला मोटारसायकल काढली. रेणापूर वीसेक किलोमीटर. तिथे टपरीवर सुशीला, म्हणजे फोडणीचे ओले चुरमुरे, आणि चहा घेतला, चाळीस रुपयांत काम झालं. जाणार असाल तर बेताने खा, पुढे दोन तास पोटावर झोपायचंय.

गावापुढच्या ओढ्याकाठी टाचण्या होत्या. चतुराच्या कुळातला हा काडीसारखा किडा, बसला की पंख पाठीवर मिटून घेतो. एक निळी लव्हाळ्याच्या काडीवर बसली होती. कॅमेरा तिच्या अंगाला समांतर धरला तरच डोळ्यांपासून शेपटीपर्यंत सगळं स्पष्ट येतं, म्हणून चिखलात आडवा झालो. पण मागे लव्हाळ्यांची ही गर्दी! चौकट मोकळी हवी, असं ऑनलाइन वर्गात शिकलो होतो. उठलो आणि भराभर काड्या उपटल्या. त्या भरात तिची काडीही मोडली आणि ती उडाली.

टाचणी परत आली. रिकाम्या जागेवर दोन घिरट्या घालून गेली. पुन्हा आली, पुन्हा गेली. मला फार वाईट वाटलं.

म्हशीसाठी गवत कापणाऱ्या एक मावशी मघापासून बघत होत्या.

"काय हुडकायलाव जी?"

"किड्याचा फोटो काढतोय, मावशी."

"आन त्याची बसायची जागाच मोडलाव? ते रोज हितंच बसतंय की."

मोडलेली काडी मी चिखलात खोचली, ती कलंडली. हातात धरावी तर कॅमेऱ्यालाच दोन हात लागतात. मावशींनी विळा खाली ठेवला. "द्या हिकडं," म्हणत काडी धरून उकिडव्या बसल्या.

"हलू नका हं," मी म्हणालो.

"मी न्हाई हलायले. तुमीच हलायलाव."

खरंच होतं. मी श्वास रोखला. टाचणी आली, बसली. एकदाच बटण दाबता आलं.

डोळे अगदी स्पष्ट आले होते. पण खाली कोपऱ्यात मावशींचा अंगठाही तेवढाच स्पष्ट. त्यांना दाखवला.

"एवढं लोळलाव आन माझा अंगठाच काढलाव व्हय?" त्या पोट धरून हसल्या. नाव विचारलं, तर पंचफुलाबाई म्हणाल्या.

दुपारभर घरी अंगठा कापून पाहिला. कापला की फोटो पाठ्यपुस्तकातल्या आकृतीसारखा दिसायचा. किडा केवढासा आहे, तेही कळेना. शेवटी हार मानली आणि आहे तसा छापून घेतला.

रविवारी नळेगावमार्गे एसटीने उदगीर. मांडीवरची फ्रेम बघून कंडक्टर म्हणाला, "ह्याचं अर्धं तिकीट फाडू का?"

दवाखाना अर्धा दिवस उघडा होता. ते आजोबा तपासणीला आलेच होते. फोटो लावला आणि बाजूला झालो. आजोबांनी एक डोळा हाताने झाकला आणि दुसऱ्याने बराच वेळ बघितलं.

"निळा किडा हाय," ते म्हणाले. मग पुढे सरकले. "आन बाईच्या नखात माती हाय."

"आजोबा, डोळा एकदम झकास!" बहीण म्हणाली. आजोबा पुन्हा रडले. मीही, थोडासा.

आता लातूरला परत आलोय. शर्टाचा चिखल दोन धुण्यांत निघाला नाही. पंचफुलाबाईंसाठी एक प्रत छापून ठेवलीय. काल बहिणीचा फोन आला होता. पेशंट फोटोसमोरून हलत नाहीत म्हणे, सगळे एकच विचारतात, हा हात कुणाचा?

फोटो कुणी काढला, हे अजून एकानेही विचारलेलं नाही.