गोंदण घासणारे हात

बाईंनी माझा हात पिरगाळून बेसिनवर दाबला. नर्सिंग कॉलेजात हात धुण्याचं प्रात्यक्षिक होतं. बोटांपासून कोपरापर्यंत ब्रशनं घासायचं. मी घासलं होतं. पण माझ्या हातावर गोंदण. हिरवट ठिपके, आईनं हौसेनं टोचवलेले. मेल्यावर दागिने इथंच राहतात, गोंदण तेवढं सोबत येतं, असं आमच्यात म्हणतात.

"हा मळ घेऊन पेशंटला शिवणार?"

"निंगत नाई बाई ते. गोंदलं हाये."

त्यांनी ब्रश उचलला. घासत राहिल्या. मागून कुणीतरी म्हणालं, जंगलातली हाये, साबण आजच पाह्यला असंन. वर्ग हसला. कातडी सोलून रक्त आलं तेव्हा बाई थांबल्या.

वर्गासोबत मीही हसले. हे सांगायला एवढी वर्षं लागली.

मग लांब बाह्यांचे ब्लाउज शिवले. परीक्षेत पहिली आले. त्याच कॉलेजात शिकवायला लागले. बाई प्राचार्या झाल्या, माझ्या शिस्तीचं कौतुक करायच्या. झोप उडालेल्या, जेवण सुटलेल्या मुली माझ्या दारापर्यंत यायच्या आणि परत जायच्या. एखादी आत येऊन रडली तर मी म्हणायचे, "रडाचंच हाय तं गावाले जा. नर्स काऊन होतेस?"

मग जैनी आली. भामरागडच्याही पल्याडची, माडिया आदिवासी. माझ्याच भागातली, माझ्याच जमातीची. दोन्ही हातांवर गोंदण. पावसाळ्यात नदी चढली, रस्ता तुटला, घरी फोन लागेना. पोरगी आधीच अर्धी झाली होती. त्यात प्रात्यक्षिकाला प्राचार्या आल्या. तिचे हात पाहिले आणि माझ्याकडे वळल्या.

"मॅडम, तुम्हीच घासा. तुमचं ऐकेल ती."

मी घासलं. जोर लावून घासलं. बाई पाहत होत्या ना.

जैनी हळूच आमच्या भाषेत म्हणाली, दुखतं. मी मराठीत म्हणाले, "चूप राय."

नंतर होस्टेलच्या मुली सांगायला आल्या. जैनी जेवत नाही, झोपत नाही, सारखी हात धुते. मी म्हटलं, नाटकं करून राह्यली.

एका सकाळी न्हाणीघराचं दार तोडावं लागलं. मेसमधली भांडी घासायची तारेची घासणी तिच्या मुठीत होती. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी नव्हती. फरशी लाल. पट्टी मी बांधली. तिनं एवढंच विचारलं,

"मॅडम, आता निंगलं का?"

जिल्ह्याच्या दवाखान्यात तिचा हात भरत आला आहे. ती बोलत नाही.

नदी उतरल्यावर तिचा बाप आला. ऑफिसात खुर्ची असून जमिनीवर बसला. प्राचार्या मला म्हणाल्या, पोरगी लहानपणापासून डोक्यानं कमजोर होती, असं सांगा. तुमच्या भाषेत सांगितलं की पटेल त्याला.

मी खाली, त्याच्यासमोर बसले. आमच्या भाषेत सांगितलं, ह्या म्हणतात पोरगी कमजोर होती. खोटं आहे. तिचे हात मी घासले. ती दुखतं म्हणाली, तरी घासलं.

त्यानं माझ्या थोबाडीत मारली. ओठ फुटला. शिपाई धावला, त्याची मान धरायला लागला. मी म्हटलं, हात काढ. मग बापानं विचारलं, आपलीच असून हे कुणाकडून शिकलीस? मी बोटानं दाखवलं.

"काय म्हणतोय तो?" प्राचार्यांनी विचारलं.

"कोणाकडून शिकली म्हणते. मी तुमच्याकडे बोट केलं."

त्यांनी शिपायाला बाहेर काढलं. दार लावलं. नोकरीची, पेन्शनची, घरच्या पोरांची आठवण करून दिली. उद्या चौकशी समिती येणार आहे, नीट विचार करा म्हणाल्या.

ओठातलं रक्त गिळून मी उभी राहिले.

"विचार झाला बाई. पह्यलं नाव माझं सांगीन. दुसरं तुमचं. पोरीचा बाप तिथंच बसला राहीन, मी मराठीत बोलीन अन् लगेच त्याले आमच्या भाषेत सांगीन. एक शब्द सोडणार नाई."