नाशिकच्या मामाला पनवेलहून फोन

खिशात मोबाइल घेऊन फिरणाऱ्यांनो, फोन करण्यासाठी कधी प्रवास केलाय? मी केलाय, नव्वदच्या दशकात, बेलपाड्याहून पनवेलला.

आमच्याकडे मामाने हो म्हटल्याशिवाय लग्नाची सुपारी फुटत नाही. माझ्यासाठी मुलाकडचे सोमवारी येणार होते, मामा नाशिकला, पत्राला वेळ नव्हता. बाबांनी ठरवलं, फोन करायचा. आकडे वाचायला मी. माझ्या पिशवीत नर्सिंगच्या प्रवेशाचं पत्र होतं आणि ते बाबांना सांगायची माझी छाती होत नव्हती.

रविवारी सकाळी बांधावरून हायवे गाठला, तिथून एस.टी.ने उभ्याउभ्या पनवेल. स्टँडसमोर पिवळ्या पाटीचा एसटीडी बूथ. रविवारी दर कमी, म्हणून ही भली मोठी रांग!

मामाचा फोन म्हणजे त्याच्या शेजाऱ्यांचा. "मामाला बोलवा, दहा मिनिटांनी पुन्हा करते," असं सांगून मी ठेवला. तेवढ्यात कांदाभजी खाऊन घेतली. पनवेलला गेलात तर गरम भजी सोडू नका.

दुसऱ्यांदा बाबांनी रिसीव्हर घेतला. नाशिक लांब, म्हणून असे ओरडले की बूथचं काचेचं दार असून नसल्यासारखं.

"रामा, पोरीचं जमतंय! तुजा होकार हाय ना?"

रांगेतल्या कोळणीने टोपली खाली ठेवली. "अरे दादा, पोरीला इचारलंस काय?"

मामानेही तेच विचारलं असावं, कारण बाबांचं तोंड एवढंसं झालं. सगळी रांग बघत होती. त्यांनी रिसीव्हर माझ्याकडे दिला.

"मामा, मला नर्स व्हायचंय. पत्र आलंय," मी पुटपुटले. शब्द न् शब्द पोचला!

"मंग आदी शिक. सुपारीला काय घाई हाय? बापाला दे."

बाबांनी ऐकून घेतलं, मान हलवली. मामाच्या शब्दापुढे कोण जाणार? "आता कसं!" कोळीण म्हणाली. मला तिथेच नाचावंसं वाटलं. जिंकले होते मी!

घरी आल्यावर बाबा म्हणाले, "पत्र दाव." वाचता येत नव्हतं, तरी बराच वेळ बघून त्यांनी नीट घडी घातली.

मी होस्टेलला गेले. बाबा दर रविवारी पनवेलला जाऊन रांग लावत, बूथवाल्याकडून आकडे फिरवून घेत आणि मला फोन करत, तसेच ओरडून. "हळू बोला, ऐकू येतं," सांगून मी थकले. एका सुट्टीत मी बरोबर असताना त्यांनी मामाला फोन केला, तो मात्र अगदी हळू आवाजात.

"मग माझ्याशीच का ओरडता?"

बाबा हसले. "रांगेला कळाय नको, माजी पोरगी नर्स व्हतेय?"