वरचं दूध

माझ्या लेकीचं वजन वाढलं त्या दिवशी मी अक्षरशः टाळ्या पिटल्या होत्या. आज ते आठवलं की स्वतःची कीव येते आणि बाकीच्यांचा संताप.

तेव्हा आम्ही परदेशात, यिशुनला राहायचो. बाळंतपणासाठी पुण्याहून आई आली होती, आणि एक नर्स घरी येऊन बाळाचं वजन करायची. हसतमुख चिनी बाई. पण पहिल्या खेपेला काटा बघून तिचा चेहरा उतरला. बाळाचं वजन घटतंय, म्हणाली. मला रडूच फुटलं. मला वरचं दूध द्यायचं नव्हतं. हट्ट म्हणा, खूळ म्हणा, पण मला अंगावरच पाजायचं होतं. नवऱ्याला आणि आईला मी तसं बजावलं. वेळ आलीच तर मला सांगा, मग बघू, असंही म्हटलं. दोघांनी माना डोलावल्या.

मग आईनं स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. अळिवाची खीर, शतावरी घातलेलं दूध, डिंकाचे लाडू. "खा गं मुकाट्यानं, पान्हा फुटेल," म्हणत ती वाटी पुढ्यात आपटायची. मी गिळायचे. मालिश झाली की बाळाला घेऊन ती तिच्या खोलीत जायची आणि दार लोटून घ्यायची. "तू पड जरा, मी झोपवते हिला." पोरगी खरंच गाढ झोपायची. मीठमोहऱ्यांनी दृष्ट काढताना आई म्हणायचीसुद्धा, "बघ, तुझं दूध कसं अंगी लागलंय!"

नर्स पुन्हा आली. बाळाला काट्यावर ठेवलं आणि ती खूश झाली. मी टाळ्या पिटल्या त्या तेव्हाच.

"गुड, लाह!" ती तिथल्या बोलीच्या ढंगात म्हणाली. "तुझ्या नवऱ्याचा फोन आला तेव्हा मीच त्याला म्हटलं, थोडं फॉर्म्युला सुरू करा. आता बाटलीनं किती वेळा देता?"

मी नवऱ्याकडे पाहिलं. त्यानं मोबाइलमध्ये डोकं खुपसलं. आई दुपट्यांच्या घड्या घालायला लागली. नर्स बिचारी गोंधळली, मला ठाऊकच असेल असं तिला वाटलं होतं. जाताना हळूच म्हणाली, बाळ अंगावर कमी ओढायला लागलं की दूधही कमी होत जातं, तुला हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

ती गेली आणि मी घर डोक्यावर घेतलं. पावडरीचा डबा घरातल्या बॉम्ब शेल्टरमध्ये, म्हणजे आमच्या अडगळीच्या खोलीत, आईच्या बॅगेमागे सापडला.

"पोर उपाशी होती गं," आई म्हणाली. "सांगितलं असतं तर ऐकलं असतंस?"

"तू इतकी खूश होतीस," नवरा म्हणाला, "कसं सांगणार?"

वा रे वा! पोर उपाशी राहू नये एवढं मलाही कळत होतं. दूध दिलं याचा राग नव्हताच मुळी. माझी सख्खी आई माझ्या तोंडाकडे बघून खोटं बोलत होती, आणि माझा नवरा शेजारी उभा राहून ते ऐकत होता. मला दोघांनी मिळून वेड्यात काढलं होतं, माझ्याच घरात.

संध्याकाळी पोरगी भुकेनं रडायला लागली. मी तिला छातीशी धरलं. तिनं जरासं ओढलं आणि तोंड फिरवून भोकाड पसरलं. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. ती लालबुंद झाली, तिच्याबरोबर मीही रडायला लागले. शेवटी मीच आईला हाक मारली.

"आण ती बाटली."

आईनं लगेच आणली. तिनं ती आधीच भरून ठेवली होती.