वहीत नसलेलं नाव

आमच्या आडनावाचं पहिलं अक्षर 'म'. घरातल्या सगळ्यांची नावंही 'म'वरूनच ठेवायची, अशी माझ्या सासरची रीत. मुलगे, मुली, लग्न होऊन आलेल्या सुना, कुणी सुटत नाही. माझंही नाव लग्नात बदललं. ताटात तांदूळ पसरून यांनी अंगठीने नवं नाव लिहिलं. मला ते वाचायला सांगितलं. मी वाचलं, तेव्हा माझी मोठी नणंद शेजारच्या बाईला म्हणाली, "वाचता येतं हो, चौथी झालीय." सगळ्या हसल्या. मीही हसले. नवी नवरी आणखी काय करणार?

माझे वडील प्रतापनगरला रेल्वेच्या वर्कशॉपात होते. आईने अंथरूण धरलं तेव्हा मी चौथीत होते. पुढे शाळा नाही. सासरची माणसं म्हणजे संस्थानच्या काळापासून कचेरीत खुर्चीवर बसलेली. यांचं मात्र शिक्षणात लक्ष लागलं नाही, नंदेसरीला कारखान्यात लागले, म्हणून मी त्या घरात चालले. एरवी माझं स्थळ त्यांनी दारातही उभं केलं नसतं.

नावांसाठी सासऱ्यांनी एक वही ठेवली होती. एक नाव दोनदा येऊ नये म्हणून. कोण कुणाचा मुलगा, कुणाची मुलगी, नाव काय, सगळं सुंदर अक्षरात. पण मूल वर्षाचं होऊन त्याचं जावळ काढलं, की मगच नाव वहीत चढायचं. सासरे म्हणायचे, "आधी टिकू दे."

माझी मुलगी पाच महिन्यांची होऊन गेली. ताप आला, दोन दिवस उतरला नाही, तिसऱ्या दिवशी सकाळी संपलं. बारशाला आत्या म्हणून नणंदेनेच तिच्या कानात नाव सांगितलं होतं. तीन अक्षरांचं. ते मी इथे लिहीत नाही. त्या घरात माझ्या अंगावरचं माझं स्वतःचं नावसुद्धा त्यांनी दिलेलं होतं, पण हे नाव माझ्या तोंडात बसलं होतं. दूध पाजताना, दुपटी धुताना, उगीचच मी ते घ्यायची. इतकं लहान मूल जाळत नाहीत, पुरतात. हे आणि सासरे तिला घेऊन गेले, मला दारातूनच मागे ओढलं. त्या दिवसानंतर घरात ते नाव कुणी घेतलं नाही. वहीत तर ते नव्हतंच. मला पुन्हा मूल झालं नाही.

आता सासू-सासरे नाहीत. सुभानपुऱ्यातल्या आमच्या दोन मजली टेनामेंटमध्ये खाली आम्ही दोघं, वरच्या मजल्यावर दीर, जाऊ, त्यांचा मुलगा आणि सून. सून गुजराती आहे, मनाने मोकळी. लग्नात तिचं नाव बदलायची गोष्ट निघाली तेव्हा ती सरळ म्हणाली, "मारूं नाम तो नहीं बदलूं." आणि कुणी काही बोललं नाही. मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की नाही म्हणता येत होतं.

गेल्या वर्षी तिला मुलगी झाली. पुतण्याने घरच्या ग्रुपवर लिहिलं, नाव सुचवा, 'म'वरूनच पाहिजे. त्याला रीतीचं काही नव्हतं. "काकी, नाव आणि आडनाव एकाच अक्षराने सुरू झालं ना, की एकदम वजन पडतं. कंपनीच्या नावासारखं," म्हणाला.

"मुलगी आहे रे, बिस्किटाचा पुडा नाही," जाऊ म्हणाली.

"मम्मी, तुझंच नाव बघ. सासरी आलीस आणि वजन पडलं."

"वजन पडलं नाही, वाढलं," दीर म्हणाले, आणि सगळे हसले.

मी भाजी निवडत बसले होते. मलाही हसू आलं. नावं यायला लागली. कुणाला एक जुनाट वाटायचं, कुणाला दुसरं उच्चारायला अवघड. मग नणंदेने लिहिलं. 'हे नाव कधीपासून माझ्या मनात आहे. आपल्या आडनावाला इतकं शोभून दिसतं!' आणि खाली ते नाव. पुतण्याने लगेच कपाटातून वही काढली, पानं चाळली आणि ओरडला, "वहीत नाही! हे कुणालाच दिलेलं नाही!"

वहीत नव्हतंच ते.

पुतण्या तेव्हा जन्मला नव्हता. जाऊ घरात आली नव्हती. दीर बाहेरगावी शिकायला होते, त्यांना कार्डाने कळलं असेल. आमची एक मुलगी गेली एवढं सगळ्यांना माहीत, पण तिला नाव होतं हे कुणाच्या ध्यानात असायचं कारण नव्हतं. माहीत होतं तिघांना. मला, नणंदेला आणि यांना.

संध्याकाळपर्यंत ग्रुपवर सगळ्यांनी अंगठा दाबला होता. यांचाही अंगठा होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना मी विचारलं, "ते नाव तुम्हाला आवडलं?"

"चांगलं आहे की. जुळतंय."

मी तिथेच उभी राहिले. मला एवढंच हवं होतं. कुणीतरी म्हणावं, अगं, हे तर आपल्या मुलीचं नाव. पुढे मग खुशाल ठेवा, मी अडवलं नसतं. हे पेपरचं पान उलटत म्हणाले, "साखर कमी पडलीय." मी साखर आणून दिली.

तीन-चार दिवस मी धीर गोळा करत होते. चारचौघांत मला बोलता येत नाही. शेवटी बारशाच्या आदल्या दुपारी नणंद आली, घुगऱ्यांसाठी हरभरे भिजत घालायला माझ्या स्वयंपाकघरात उभी राहिली, तेव्हा दार लोटून घेतलं आणि म्हटलं, "वन्सं, ते नाव माझ्या मुलीचं होतं."

तिने हरभऱ्यातले खडे वेचायचं थांबवलं नाही. "मला माहीत नाही होय? मीच तर ठेवलं होतं."

मला वाटलं होतं, ती विसरली असेल. विसरली असती तर बरं झालं असतं.

"इतकं चांगलं नाव, वाया गेलं होतं गं," ती म्हणाली. "शोधून शोधून काढलं होतं मी. आता कुणाच्या तरी उपयोगी पडतंय तर पडू दे. आणि हे बघ, सुनेला सांगत बसू नकोस. पहिलटकरीण आहे, वेडंवाकडं मनात घेईल."

"पण वन्सं..."

"तुझं दुःख मोठं आहे, मी नाही म्हणत नाही. पण नावावर काय कुणाचा हक्क असतो?"

तिने पातेल्यात पाणी ओतलं, झाकण ठेवलं आणि वर निघून गेली. शिकलेली माणसं किती नीट बोलतात.

बारशाला मला मोठी काकी म्हणून पाळण्याच्या एका बाजूला उभं केलं. पाळण्याखालून बाळ माझ्या हातात आलं, मी वरून पलीकडे दिलं. पुतण्याला बहीण नाही, म्हणून कानात नाव सांगायचा मान नणंदेकडेच. ती वाकली, कुजबुजली, मग मोठ्याने नाव सांगितलं. बायकांनी टाळ्या वाजवल्या. सुनेची आई म्हणाली, "बहु सरस नाम छे!" हे पुरुषांच्या घोळक्यात आईस्क्रीमची प्लेट धरून उभे होते. मी त्यांच्याकडे बघत राहिले. त्यांनी बघितलं नाही.

मग मी त्या मुलीला सांभाळायला लागले. सून कामावर जायला लागली, जावेचे गुडघे दुखतात, त्यामुळे मुलगी दिवसभर खाली माझ्याकडे. मी तिला बाळ म्हणायची, सोनू म्हणायची. नाव तोंडातून निघायचं नाही. एक दिवस सून तिला घ्यायला आली आणि दारात थांबली. "मोटी काकी, खरं सांगा हं. तुम्ही हिला एक दिवसही नावाने नाही बोलावलं. केम? तुम्हाला मुलगा हवा होता का घरात?"

हे ऐकून मला राहवलं नाही. मुलगा! मी तिला सगळं सांगितलं. फार वेळ लागला नाही, चार वाक्यांत झालं. तिचा चेहरा उतरला. माझ्या मांडीवरची मुलगी तिने उचलून छातीशी धरली आणि म्हणाली, "बारशाच्या आधी का नाही सांगितलं? मी हे नाव ठेवूच दिलं नसतं. मेलेल्या मुलीचं नाव दिलं तुम्ही सगळ्यांनी माझ्या मुलीला."

त्या संध्याकाळी वर आवाज चढले. मग पुतण्या खाली आला. "काकी, दाखला निघाला, आधार निघालं. आता बोलून काय मिळालं तुला?"

जाऊ जिन्यातूनच म्हणाली, "इतकी वर्षं गप्प बसलात, मग आताच विष कालवायचं काय अडलं होतं?"

नणंदेचा फोन आला. "सांगू नकोस म्हटलं होतं ना मी?"

प्रत्येकाने मला काहीतरी विचारलं. माझ्या मुलीबद्दल कुणी काही विचारलं नाही. ती कशी होती, कुणावर गेली होती, काहीच नाही. पुतण्या वर गेल्यावर हे म्हणाले, "पाच महिने आणि सतरा दिवस."

मी दचकले. "म्हणजे तुम्हाला आठवत होतं?"

"मग काय विसरणार आहे?"

"मग तिथे हो कशाला म्हणालात?"

"सगळेच म्हणत होते." आणि टीव्ही लावला.

त्या माणसाबरोबर मी अजून राहते आहे, दोन्ही वेळचं जेवण करून वाढते आहे. पण त्या दिवसापासून मी त्यांच्याशी कामापुरतं बोलते. त्यांच्या ते ध्यानात आलेलं दिसत नाही.

मुलीला आता पाळणाघरात ठेवतात. मला कुणी तसं सांगितलं नाही, एका सोमवारी तिला खाली आणलंच नाही. सून तिला ढिंगली म्हणते, म्हणजे बाहुली. वर सगळेच आता ढिंगली म्हणतात. परवा सुनेच्या मागे जिन्यावरून जाताना ती माझ्याकडे बघून हसली, माझ्याकडे यायला हात पुढे केले. सूनही क्षणभर थांबली, मी काही बोलते का बघत. ते नाव आता हिचं, असं मानून मी एकदा नावाने हाक मारली असती तर तिने मुलीला माझ्याकडे दिलं असतं, असं मला वाटलं. मी बाजूला होऊन त्यांना वाट दिली.