शेवटच्या घराचा नळ

माझं माहेर यावलचं. केळीचा मळा, विहिरीवर मोटर, आणि लाईट असली की पाइपातून मांडीएवढी जाड धार हौदात कोसळायची. त्या धारेखाली आम्ही बहिणी डोकं धरायचो आणि आई हाका मारून थकली तरी बाहेर यायचो नाही. पाणी ही साठवायची, राखायची, कुणाकडे मागायची वस्तू असते, हे मला लग्न होईपर्यंत ठाऊकच नव्हतं. बी.एस्सी. झाले होते, बी.एड. झाले होते, धुळ्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवायची नोकरी ठरली होती. म्हणजे पाण्याविषयी मला सगळं येत होतं, फक्त ते संपतं एवढं सोडून.

लग्न होऊन धुळ्याला आले ते ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर, ऐन उन्हाळ्यात. सत्यनारायण झाला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सासूबाई प्रेमानं म्हणाल्या, "केस धुऊन घे गं, दमली असशील."

मी घेतले. माझे केस तेव्हा कमरेखाली होते. शिकेकाई लावून, घासून, पुन्हा लावून, मनसोक्त न्हाले. बंब संपला तेव्हा मोरीतल्या पिंपातलं पाणी घेतलं. त्याचा तळ दिसला तेव्हा बाहेरची एक बादली दिसली, तीही घेतली. केसांना पंचा गुंडाळून प्रसन्न मनानं बाहेर आले. सासरे, म्हणजे आमचे नाना, कोर्टात कारकून होते. ते ओला हात तोंडावरून फिरवून, टोपी चढवून तसेच बाहेर पडले. सासूबाई रिकाम्या पिंपाकडे बघत होत्या.

माझ्या नवऱ्यानं संध्याकाळी मला बाजूला घेतलं. "ते पिंप दोन दिवसांचं होतं," तो हळूच म्हणाला.

"अय्या! मग पुन्हा भरू की."

"परवा," तो म्हणाला.

आमची गल्ली चढावर होती. खाली मारुतीचं देऊळ, तिथून पाण्याची लाइन आत शिरायची आणि घरोघरचे नळ पाजत वर यायची. आमचं घर सगळ्यात वर, सगळ्यात शेवटचं. दिवसाआड सकाळी पाणी सुटायचं. देवळाजवळच्या बायकांची भांडी भरून, वेण्याफण्या होऊन त्या ओट्यावर गप्पा मारत बसायच्या, तेव्हा आमचा नळ नुसता खोकायचा. मग थुंकायचा. मग एक दोऱ्याएवढी धार यायची, तीही आली नि गेली अशी. एक कळशी भरेपर्यंत पोरांच्या चाचणीच्या वह्या माझ्या तपासून होत. आणि कळशी काठाशी येते न येते, तोच धार तुटायची.

सासूबाईंनी मला हळूहळू शिकवलं. तांदूळ धुतलेलं पाणी भाजीला, भाजी धुतलेलं भांड्यांना, भांड्यांचं अंगणात सडा घालायला. आंघोळ परातीत बसून करायची आणि परातीतल्या पाण्यानं फडकी धुवायची. मी ऐकत होते, पण मनातून ऐकत नव्हते. माझं मन सारखं म्हणायचं, विज्ञान शिकलेल्या बाईनं परातीत का बसायचं? काहीतरी उपाय असणारच.

तो मला सातवीच्या वर्गात सापडला. द्रवाचा दाब शिकवत होते. डब्याला वरपासून खालपर्यंत भोकं पाडली की खालच्या भोकातून धार जास्त जोरात येते, हा प्रयोग मुलांना दाखवत होते. डबा गळत होता, मुलं टाळ्या वाजवत होती आणि माझ्या डोक्यात एकदम लख्ख झालं. आमचा नळ कमरेएवढा उंच आहे. तो जमिनीखाली नेला तर?

घरी येऊन मी जाहीर केलं. नाना म्हणाले, "नळ जमिनीवर असतो. जमिनीखाली विहीर असते." पण माझा नवरा तेव्हा नवा होता, माझं सगळं ऐकायचा. रविवारी त्यानं टिकाव-फावडं आणलं आणि अंगणात नळापाशी गुडघाभर खड्डा खणला. नळवाल्याला बोलावून पाइप कापला, तोटी खाली बसवली. पुढच्या पाण्याला आम्ही सगळे खड्ड्याभोवती उभे. नळ खोकला, आणि करंगळीएवढी धार आली! पिंप भरलं, बंब भरला, नानांनी दोन तांबे जास्त घेऊन आंघोळ केली आणि बाहेर येऊन म्हणाले, "सून शिकलेली असली की असं असतं."

हे वाक्य मी गल्लीत बऱ्याच जणींना सांगितलं. तेच नडलं.

आमच्या खालच्याच घरात अक्का राहायच्या. पन्नाशीच्या, ठसठशीत कुंकू, आवाज देवळापर्यंत जाणारा. पुढच्या पाण्याच्या दिवशी त्या आमच्या अंगणात येऊन खड्ड्यात डोकावल्या आणि अहिराणीत म्हणाल्या, "मास्तरीनबाई, मना नळले पानी का बरं नही येस वं?"

मी त्यांना द्रवाचा दाब समजावून सांगितला. डब्याचं उदाहरण दिलं. त्यांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हंजे बठ्ठं पानी तुना खड्डामा चालनं जास."

सगळं पाणी माझ्या खड्ड्यात जातं! माझं इतकं लांबलचक विवेचन एका वाक्यात इतकं अचूक कुठल्याच विद्यार्थ्यानं सांगितलं नव्हतं. मात्र पुढच्या रविवारी अक्कांच्या अंगणातून टिकावाचा आवाज आला. त्यांचा खड्डा मांडीएवढा झाला आणि आमची धार पुन्हा दोऱ्यावर आली. मग आम्ही कमरेएवढा केला. मग त्यांच्या खालच्या घरानं केला, मग त्याच्याही खालच्यानं. त्या दिवसांत आमच्या गल्लीत रविवारी कुणी सिनेमाला गेलं नाही. अंगणाअंगणात मातीचे ढीग, पोरं त्यांवर घसरगुंडी खेळताहेत, आणि नळवाला या घरातून त्या घरात, मला वाटेत भेटला की अदबीनं नमस्कार करणारा.

आमचा खड्डा शेवटी माझ्या खांद्याइतका झाला. उतरायला मातीत पायऱ्या कोरल्या. मी खाली उतरून कळशी भरायची, वर नवरा ओढून घ्यायचा. शाळेची साडी खोचून, घड्याळ मनगटावरून काढून पदराला बांधून मी जमिनीच्या पोटात उभी असायची आणि खाली काय येत होतं? दोरा. कारण आता सगळ्यांचेच नळ खाली गेले होते. पूर्वी जे पाणी आम्ही उभ्यानं भरायचो, तेच आता खड्ड्यात उतरून भरत होतो, एवढाच काय तो माझ्या शिक्षणाचा गल्लीला फायदा.

अशाच एका सकाळी माझे वडील यावलहून आले, खांद्यावर केळीचा घड घेऊन. पाणी सुटलेलं, मी खाली. घाईत चढताना मधली पायरी ढासळली होती, त्यामुळे मला वर येता येईना. नवरा कळशी घेऊन मोरीत गेलेला. मी "अहो, ऐकलं का" म्हणून हाका मारतेय आणि वरून एक ओळखीचा चेहरा डोकावला, पागोटं सावरत.

"काय वं, मास्तरीन झाली म्हने तू," वडील म्हणाले. "इथं तर इहीर खंदू राह्यली!"

त्यांनी मला हाताला धरून वर ओढलं. माझी साडी चिखलानं भरलेली, शाळेला उशीर झालेला. त्यांनी खड्डा पाहिला, ती धार पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं. वाटलं, आता लेक दुःखात दिली म्हणून त्यांना गहिवरून येणार. पण ते इतके हसले की त्यांना ओट्यावर बसावं लागलं. जाताना सासूबाईंना म्हणाले, "अजून थोडं खंदू द्या तिला. लागंल पानी."

मी आठवडाभर त्यांच्यावर रुसले होते. हे त्यांना यावलला कळायचा काहीच मार्ग नव्हता, तरी रुसले.

त्यानंतरच्या वैशाखात अक्कांच्या मुलीचं लग्न ठरलं. हळद घरी, मांडव गल्लीत, जेवायला वरण-बट्टी आणि वांग्याची भाजी. हळदीचा दिवस नेमका पाण्याचा आला. सगळ्यांना वाटलं, बरं झालं. पण अक्का आदल्या दिवशी आमच्याकडे आल्या आणि कधी नव्हे त्या आवाज खाली करून म्हणाल्या, "वं, नळले पानी नही उनं ते मी पाव्हणासले काय पाजू?"

वर्षभर आम्ही दोघी एकमेकींशी खड्ड्यांच्या भाषेत बोलत होतो. ती बाई आज माझ्या दारात उभी होती आणि तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला काय सुचलं कोण जाणे, मी म्हणाले, "अक्का, उद्या गल्लीतलं सगळं पाणी तुमचं."

बोलून गेले खरी. मग घरोघर फिरले. उद्या कुणीही तोटी उघडायची नाही, सगळ्या बंद, पाणी फक्त अक्कांकडे. देवळाजवळच्या वहिनी म्हणाल्या, "आम्ही बंद करू हो, पण तुम्ही कराल का?" गल्लीत माझी पत काय होती, ते मला तिथे कळलं. मी घरी येऊन सासूबाईंना सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आमच्या खड्ड्यावर दोन फळ्या टाकल्या, फळ्यांवर पाट मांडला आणि त्यावर जपमाळ घेऊन बसल्या. "या म्हणावं कुणीही. बघा म्हणावं." अख्ख्या गल्लीनं येऊन बघितलं आणि मग घरोघरच्या तोट्या बंद झाल्या.

मी हळदीसाठी लग्नातला शालू नेसले होते. एवढी मोठी योजना आपली, तर तोटीही आपल्याच हातानं उघडावी, म्हणून पदर खोचून अक्कांच्या खड्ड्यात उतरले. वर बायका कळश्या घेऊन उभ्या. मुलाकडची उष्टी हळद घेऊन आलेली मंडळी मांडवात बसलेली. मी तोटी फिरवली. नुसती हवा. फुस्स. वरून कुणीतरी "अरेरे" म्हणालं.

मग पाइपातून एक आवाज आला, आगगाडी लांबून यावी तसा. अक्कांच्या त्या जुन्या तोटीनं आयुष्यात कधी पाणी असं पाहिलंच नव्हतं. ती सरळ उडाली. माझ्या कानाजवळून गेली आणि मागोमाग मनगटाएवढी धार माझ्या छातीवर बसली. मी धडपडत उठून दोन्ही तळवे पाइपावर दाबले. सातवीच्या मुलांना मी शिकवलं होतं की तोंड आवळलं की धार लांब जाते. ती गेली. थेट मांडवात. मुलाच्या मामाच्या फेट्यावर, बायकांच्या साड्यांवर, हळदीच्या वाटीत. मंडळी ओरडत उठली, मी खालून "हात काढू का?" विचारतेय, आणि ज्या बाईनं वर्षभर पाण्यासाठी माझ्याशी भांडण केलं तीच अक्का खड्ड्याच्या काठावर उभी राहून ओरडत होती, "पुरे वं माय, पुरे! बंद करा ते पानी!"

शेवटी बट्ट्या भाजणारा आचारी धावत आला आणि त्यानं दाणे काढलेलं मक्याचं कणीस फडक्यात गुंडाळून पाइपात ठोकलं. मग ते जरा सैल करून भांडी भरली. पिंपं, हंडे, पातेली, शेजारच्यांचे टोप, सगळं भरलं. जिथे बाळंतिणीसाठी तूप ठेवतात तेवढ्या जपणुकीनं आम्ही पाणी वापरायचो, त्या गल्लीत त्या दिवशी ओघळ देवळापर्यंत गेला. मुलाचा मामा आधी रागावला होता. मग ऐन उन्हाळ्यात अंग गार झालं म्हणून खूश झाला आणि त्यानं बट्ट्या सगळ्यांपेक्षा जास्त खाल्ल्या. हळदीचं पाणी ओघळून खड्ड्यात आलं आणि माझ्या शालूवर पिवळे डाग पडले, ते कधीच निघाले नाहीत.

लग्न झालं आणि गल्लीतल्या बायकांना एक गोष्ट कळून चुकली, जी मला डब्याला भोकं पाडतानाच कळायला हवी होती. खालची भोकं बुजवली की वरच्यातून येतं. सासूबाईच म्हणाल्या, "पाळी लावा गं." अर्धा वेळ वरची घरं, अर्धा वेळ खालची. पाळी बदलली हे सांगायला कुणीतरी हवं होतं आणि गल्लीनं एकमतानं मला नेमलं. मानानं नव्हे. माझ्यावर लक्ष राहावं म्हणून. मी ओट्यावर उभी राहून चमच्यानं ताट बडवायची. शाळेत पोरं मला पाठीमागून थाळीबाई म्हणत. अक्का माझं घड्याळ पुढे आहे म्हणून भांडत, देवळाजवळच्या वहिनी मागे आहे म्हणून. पण भांडी सगळ्यांची भरत.

नव्वदच्या पुढे माझ्या नवऱ्याची बदली जळगावला झाली. टेम्पोत सामान चढवलं तो नेमका पाण्याचा दिवस होता, त्यामुळे निरोपाला कुणीच आलं नाही. सगळ्या आपापल्या नळाशी, भरत नाहीतर पाळीची वाट बघत. मी टेम्पोत पुढे बसले, गाडी उतारानं निघाली. अक्कांच्या अंगणाशी ड्रायव्हरला थांबायला सांगितलं. खड्ड्यातून फक्त त्यांचं डोकं दिसत होतं, कपाळावरचं कुंकू घामानं पसरलेलं. मी हाक मारली.

"मनी पाळी शे वं आते!" त्या खालूनच ओरडल्या. "जपीसन जाय!"

आणि भरलेली कळशी काठावर ठेवून दुसरी घ्यायला वाकल्या.